पाणी तापविण्याचा बंब आणि भाजल्या मातीचा ज्वलनकक्ष



महाडजवळ सावित्रीच्या काठी सव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. वज्रेश्वरी, उन्हेरे, सव, उन्हवरे, तुरळ आणि राजापूर अशी उष्णोदकांची एक मालिकाच कोकणपट्टीत आढळते. भूगर्भातील उष्णतेने तापलेले पाणी तेथे विनामूल्य वर येते. आइसलंडमध्ये ‘गेझिर’ नावाचा एक प्रसिद्ध उसळता झरा आहे. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने गॅसच्या ज्योतीवर पाणी तापविणारे यंत्र तयार केले तेव्हा त्याने याच झऱ्यावरून त्याचे नामकरण केले आणि ‘गिझर’ हा शब्द जगभर रूढ झाला. मॉनच्या यंत्राला धूर बाहेर नेणारे धुराडे मात्र नव्हते. शोध उपयुक्त होता, पण धोकादायकही होता. दीडशे वर्षांनंतरही या विषयाचे हेच दोन पैलू महत्त्वाचे आहेत.

निसर्गाची ही देणगी सवच्या काठापुरतीच मर्यादित आहे. महाडच्या बाजारपेठेपासून पोलादपूरच्या डोंगरकुशीतील वाड्यांपर्यंत इतर सर्वांना पाणी तापविण्यासाठी काही ना काही जाळावेच लागते. या दोन तालुक्यांत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत लाकूडफाटा ओला असतो आणि सौर तापकाला पुरेसे ऊन मिळत नाही. बाळंतिणीला, लहान मुलांना, वृद्धांना आणि आजाऱ्यांना गरम पाण्याची निकड नेमकी त्याच काळात अधिक असते. म्हणून अंघोळीचे पाणी हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नाही. तो आरोग्याचा, जंगलाचा आणि घरातील स्त्रीच्या श्रमांचाही प्रश्न आहे.

एका बादलीचा हिशेब

वीस लिटरची एक बादली पाणी २० अंशांनी तापवावयाचे तर ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. पाच माणसांच्या कुटुंबाला रोज पाच बादल्या, म्हणजे २,००० किलोकॅलरी लागतील. हा आकडा इंधन कोणतेही असले तरी बदलत नाही. बदलते ते एवढेच, की जाळलेल्या इंधनापैकी किती उष्णता पाण्यात उतरली आणि किती वाया गेली.

तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवला तर लाकडातील उष्णतेपैकी साधारण १५ टक्केच पाण्याला मिळते. त्या हिशेबाने रोज सुमारे साडेतीन किलो, म्हणजे महिन्याला शंभर किलोंहून अधिक लाकूड केवळ अंघोळीच्या पाण्यासाठी खर्ची पडते. स्वयंपाकाचा गॅस घेतला तर एका किलोत सुमारे १०,९०० किलोकॅलरी असतात. ६० टक्के उष्णता पाण्यात उतरली तर रोज ३०६ ग्रॅम गॅस लागेल आणि ८० टक्के उतरली तर २२९ ग्रॅम पुरेल. पहिल्या रीतीने १४.२ किलोची टाकी ४६ दिवस चालेल, दुसऱ्या रीतीने ६२ दिवस. फरक एका टाकीमागे सोळा दिवसांचा आहे.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गॅसची शेगडी अनेक ग्रामीण घरांत पोहोचली. तथापि भात-भाकरी गॅसवर आणि अंघोळीचे पाणी मागील दारच्या चुलाण्यावर, अशी वाटणी पुष्कळ घरांत आढळते. पाणी तापविण्यात गॅस फार जातो, हे गृहिणीचे म्हणणे वरील आकड्यांवरून खरेच ठरते. तेव्हा गॅस मिळाला एवढ्यावर थांबून भागणार नाही. तो कसा जाळावा, हेही पाहिले पाहिजे.

बंबाचा गुण आणि बंबाचा दोष

महाराष्ट्रातील तांबटांनी घडविलेला तांब्याचा बंब हे पाणी तापविण्याचे अत्यंत हुशारीने रचलेले साधन आहे. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीवर विस्तव आणि नळीच्या सभोवती पाणी अशी त्याची रचना असते. चुलीवरच्या हंड्याला जाळ फक्त बुडाशी व बाजूने लागतो. बंबात मात्र तो पाण्याच्या पोटात असतो. आगीच्या नळ्या पाण्यातून नेणाऱ्या बाष्पकाचेच हे घरगुती रूप होय. बंबात उष्णता कमी वाया जाते ती यामुळेच.

परंतु या गुणातच एक दोष दडलेला आहे. नळीच्या दुसऱ्या बाजूस पाणी असल्याने तांब्याची भिंत शंभर अंशांच्या वर सहसा जात नाही. इंधनातून निघालेले वायू पुरते जळण्याआधीच या थंड भिंतीला टेकले, की ज्वलन तेथेच विझते. अर्धवट जळालेल्या कर्बाची काजळी नळीला चिकटते आणि काजळीच्या थरामुळे पुढची उष्णता पाण्यात शिरेनाशी होते. शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो.

या अर्धवट ज्वलनाची किंमत मोठी आहे. एक किलो कर्ब पूर्ण जळून त्याचा कार्बन डायऑक्साइड झाला तर सुमारे ८,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. तोच कर्ब कार्बन मोनॉक्साइडपर्यंत जळून थांबला तर जेमतेम २,४०० मिळतात. उरलेली उष्णता विषारी वायूच्या रूपाने हवेत निघून जाते. कार्बन मोनॉक्साइडला पुढे जळण्यासाठी प्राणवायू हवा आणि ६०० अंशांच्या पुढचे तापमानही हवे. शंभर अंशांच्या भिंतीजवळ ते मिळणे शक्य नाही.

यावरून एक साधा नियम निघतो. जाळणे आणि पाणी तापविणे ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्ही कामे एकाच जागी करावयास गेले की दोन्ही बिघडतात. आधी जाळाला त्याचे स्वतःचे गरम घर द्यावे, तेथे इंधन पुरते जळू द्यावे आणि मग ते तप्त वायू पाण्याच्या भेटीस न्यावेत. भाजल्या मातीचा ज्वलनकक्ष म्हणजे जाळाचे हे घर होय.

लाल तापलेली माती

भाजलेल्या मातीला ज्योतीजवळ ठेवले की ती स्वतः लालबुंद होते आणि आपली उष्णता ज्योतीला परत देते. तप्त भिंतींच्या सहवासात मंद ज्योतही विझत नाही आणि वायूतील उरलासुरला ज्वलनशील भागही जळून जातो. हे तत्त्व जुने आहे. इंग्लंडमधील लीड्स येथील प्राध्यापक विल्यम बोन यांनी १९०९ च्या सुमारास असे प्रयोग केले, की सच्छिद्र अग्निरोधक मातीच्या पाटीतून गॅस व हवेचे मिश्रण सोडले तर ते ज्योतीवाचून पाटीच्या पृष्ठभागावरच जळते. त्यातूनच ‘बोनकोर्ट’ बाष्पक निर्माण झाला. पाण्यातून जाणाऱ्या लोखंडी नळ्यांत अग्निरोधक मातीचे तुकडे भरून त्यांमध्ये गॅस जाळण्याची ती योजना होती. १९११ च्या सुमारास स्किनिंग्रोव्ह येथील लोखंडाच्या कारखान्यात असा बाष्पक बसविण्यात आला आणि इंधनातील नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता पाण्यात उतरल्याची नोंद झाली. पाण्यातून जाणारी नळी आणि तिच्या पोटात जाळ, ही रचना मूळ बंबाचीच. भर पडली ती तापलेल्या मातीची.

गोबर गॅसच्या बाबतीत या तत्त्वाचे महत्त्व अधिक आहे. गोबर गॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६० टक्के असतो, उरलेला बहुतेक भाग न जळणारा कार्बन डायऑक्साइड असतो. त्यामुळे त्याची ज्योत स्वयंपाकाच्या गॅसपेक्षा मंद गतीने पसरते आणि बर्नरवरून उचलली जाऊन विझण्याचा संभव असतो. मातीच्या तप्त कक्षात ती स्थिर राहते. पाच बादल्यांसाठी ५५ टक्के कार्यक्षमतेने सुमारे पाऊण घनमीटर गोबर गॅस लागतो. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्राच्या रोजच्या गॅसपैकी हा एक तृतीयांशाहून अधिक वाटा होतो. कार्यक्षमता ७५ टक्क्यांवर नेली तर वाटा अर्ध्या घनमीटरच्या थोडासा वर राहतो आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला गॅस उरतो.

कक्ष कसा असावा

ज्वलनकक्षाची पहिली कसोटी म्हणजे वजन. जाड, भरीव विटांचा कक्ष भक्कम दिसतो, परंतु रोज सकाळी तासभरच पेटणाऱ्या बंबाला तो महाग पडतो. दहा किलो वजनाची भरीव माती सरासरी ५०० अंशांपर्यंत तापण्यास सुमारे १,२०० किलोकॅलरी घेते. अंघोळीच्या तीन बादल्यांची उष्णता माती तापविण्यातच संपते. याउलट सच्छिद्र, हलक्या मातीचा दीड किलोचा कक्ष अर्ध्या बादलीहूनही कमी उष्णता घेतो आणि काही मिनिटांत लाल होतो.

हलकी माती तयार करण्याची युक्ती या भातपट्ट्यात सहज साधण्यासारखी आहे. मातीत भाताचे तूस मिसळून भाजले की तूस जळून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. त्यांतील हवा उष्णतेला अडविते. तुसाची राखही बहुतांशी सिलिकाची असते. ती कक्षाच्या बाहेरील पत्र्याचे आवरण व कक्ष यांच्यामधील पोकळीत भरली की उत्तम उष्णतारोधक ठरते. गिरणीवर पडून राहणाऱ्या तुसाचा असा दुहेरी उपयोग होतो.

दुसरी कसोटी मातीच्या जातीची. मडक्याची तांबडी माती मध्यम तापमानास टिकते, परंतु गॅसच्या ज्योतीच्या थेट माऱ्यात ती मऊ पडण्याचा धोका असतो. म्हणून ज्योत जेथे लागते तेथे अग्निरोधक माती, म्हणजेच फायरक्ले, वापरावी. विदर्भातील चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या थरांसोबत ती आढळते आणि अशा मातीच्या विटा बाजारातही मिळतात. मातीत भाजक्या विटांचा चुरा मिसळल्यास वाळताना ती कमी आकसते आणि तडे कमी जातात. कक्ष एकसंध न करता तीन-चार तुकड्यांत घडवावा. तापताना प्रत्येक तुकड्याला प्रसरणास वाव मिळतो आणि एखादा तुकडा फुटला तर तेवढाच बदलता येतो.

तिसरी कसोटी आकाराची. ज्योत कक्षातच संपली पाहिजे. तिचे टोक तांब्याला लागता कामा नये. तासाला पाव किलो गॅस जाळणाऱ्या बर्नरसाठी आतील व्यास १२ सेंटिमीटर, उंची २० सेंटिमीटर आणि भिंतीची जाडी अडीच सेंटिमीटर हे प्रारंभिक माप धरावे व प्रत्यक्ष ज्योत पाहून त्यात फेरफार करावा. अशा बर्नरवर ८० टक्के कार्यक्षमतेने एक बादली सुमारे अकरा मिनिटांत तापते. हवेसाठी तळाशी छिद्रे ठेवावीत. हवा कमी पडली तर विषारी वायू वाढतो आणि फाजील हवा आली तर कक्ष थंड होऊन उष्णता धुराड्यातून निघून जाते.

चौथी गोष्ट कक्षानंतरची. कक्ष केवळ पूर्ण ज्वलनाची हमी देतो, उष्णता पाण्यात उतरविण्याची नव्हे. बंबाची नळी रुंद असेल तर मधले तप्त वायू भिंतीला न लागताच वर निघून जातात. यासाठी नळीच्या वरच्या भागात भाजल्या मातीची एक कांडी टांगून सभोवती एक ते दीड सेंटिमीटरची फट ठेवावी. वायू या फटीतून भिंतीला घासून जातील आणि तापलेली कांडीही आपली उष्णता भिंतीकडे फेकील. मात्र फट फार अरुंद करू नये, अन्यथा धुराड्याची ओढ मंदावते. वायू अगदी थंड होईपर्यंत उष्णता पिळून काढण्याचा मोहही टाळावा. तसे केल्यास वायूतील बाष्पाचे पाणी नळीत जमते. गोबर गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असेल तर ते पाणी आम्लयुक्त होऊन तांब्याला खाते. म्हणून गोबर गॅस आधी गंजलेल्या लोखंडी किसाच्या नळकांड्यातून नेणे हिताचे असते.

न्हाणीतील अदृश्य वैरी

या विषयातील सर्वांत गंभीर भाग आता येतो. जुन्या कोकणी घरात पाणी तापविण्याचे चुलाणे न्हाणीच्या बाहेर किंवा मागील उघड्या पडवीत असे आणि तापलेले पाणी न्हाणीत नेले जाई. या रीतीमुळे धूर घराबाहेर राहत असे. नव्या बांधणीत न्हाणीघर चारी बाजूंनी बंद झाले, फरशी व काच आली आणि त्याच वेळी ज्योत मात्र आत आली. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे माणसे बेशुद्ध पडल्याच्या आणि दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात जवळजवळ दर हिवाळ्यात येतात.

याचे कारण साध्या गणिताने समजते. एक किलो गॅस जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा तात्काळ गिझर दहा मिनिटांत सुमारे १७० ग्रॅम गॅस जाळतो आणि त्यासाठी दोन घनमीटर हवा वापरतो. दीड मीटर लांब, सव्वा मीटरहून थोड्या कमी रुंदीच्या आणि २.४ मीटर उंच न्हाणीघरात एकूण हवाच सव्वाचार घनमीटरच्या आसपास असते. दहा मिनिटांत तिच्यापैकी जवळजवळ निम्मी हवा ज्वलनात खर्च होते. जळालेले वायू पुन्हा ज्योतीकडे ओढले जाऊ लागतात, ज्योत बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. डोके जड होते, पायांतील शक्ती जाते आणि दाराची कडी काढण्याचेही त्राण उरत नाही.

भाजल्या मातीचा कक्ष येथे मदत करतो, पण तो प्राणवायू निर्माण करू शकत नाही, ही गोष्ट पुनःपुन्हा सांगणे अगत्याचे आहे. सर्वोत्तम कक्षही बंद खोलीत विषारी वायू करू लागेल. म्हणून ज्योत न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत असावी, धुराडे छपराच्या वर जावे आणि आत केवळ पाण्याची नळी यावी. कारखान्यात तयार झालेल्या घरगुती गॅस गिझरसाठी भारतीय मानक १५५५८ आहे. अशा गिझरच्या आत वीट किंवा मातीचा तुकडा बसविण्याचा खटाटोप कोणीही करू नये. मातीचा कक्ष बाहेर ठेवावयाच्या बंबासाठी आहे, तोही जाणकार कारागिराने बसविलेला.

या दोन तालुक्यांना आणखी एक सूचना लागू पडते. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहरात पुराचे पाणी घराघरांत शिरले. पुरात बुडालेल्या बंबाच्या वा गिझरच्या बर्नरच्या छिद्रांत आणि धुराड्यात गाळ बसतो. तो साफ करून नळी व रेग्युलेटर तपासून घेतल्याखेरीज गॅस पेटवू नये. पाणी प्यालेली माती एकदम तापविली तर आतील वाफेने ती फुटते. म्हणून कक्ष आधी अनेक दिवस सावलीत वाळवावा आणि मग मंद आचेवर हळूहळू तापवावा.

गावाने करावयाचे काम

सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. त्या अनुभवाचा एक धडा आहे. साधन वाटले जाते, पण ते बिघडल्यावर दुरुस्त करणारे हात गावात नसतील तर ते लवकरच अडगळीत पडते. बंबाला कल्हई करणारा, तांब्याचा सांधा जोडणारा आणि मातीचा तुकडा पुन्हा घडवून देणारा माणूस जवळ असला पाहिजे. कुंभारकामाचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेण्यासाठी खादी व ग्रामोद्योग आयोगाची खानापूर येथील संस्था आणि भद्रावतीचा ग्रामोदय संघ ही परिचित नावे आहेत. पंचायतीने एखाद्या तरुण कारागिराला शिकण्यास पाठविले तर त्याचा लाभ अनेक गावांना होईल.

आरंभ घरोघर न करता सार्वजनिक जागेपासून करावा. पन्नास मुलांच्या वसतिगृहात प्रत्येकी पंधरा लिटर पाणी २० अंशांनी तापविण्यास रोज १५,००० किलोकॅलरी लागतात. ६० टक्के कार्यक्षमतेने सुमारे २.३ किलो आणि ८० टक्क्यांनी सुमारे १.७ किलो गॅस लागेल. महिन्याकाठी सतरा किलोंची बचत होते. हेच पाणी उघड्या चुलीवर तापविले तर रोज २६ किलोंच्या आसपास लाकूड लागते.

शिक्षकांना यात विज्ञानाचा उत्तम पाठ सापडेल. पाच बादल्या पाणी मोजून घ्यावे, आधीचे व नंतरचे तापमान तापमापकाने पाहावे आणि गॅसची टाकी आधी व नंतर तोलावी. एका बादलीमागे गॅस थोडाच जातो व वजनातील फरक नीट कळत नाही, म्हणून पाच बादल्या आणि शक्यतो लहान टाकी घ्यावी. पाण्याला मिळालेल्या उष्णतेला गॅसमधील उष्णतेने भागले की कार्यक्षमता निघते. काचेच्या कपाटातील उपकरणापेक्षा वसतिगृहाच्या मागील पडवीतील बंब मुलांना अधिक शिकवील. प्रयोग अर्थातच मोकळ्या हवेत आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावा. नळीला काजळी नाही एवढ्यावरून विषारी वायू नाही असा निष्कर्ष कोणी काढू नये, हेही त्याच पाठात सांगावे.

घरकुलाचा वा शौचालय-न्हाणीघराचा आराखडा मंजूर करताना ग्रामसेवक आणि पंचायत सदस्यांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा: पाणी तापविण्याची जागा कोठे धरली आहे? न्हाणीच्या भिंतीबाहेर छपराखाली दोन हात जागा आणि भिंतीतून पाण्याची एक नळी, एवढ्याची तरतूद बांधतानाच झाली तर तिला खर्च नगण्य येतो. नंतर ती राहून गेली तर तिची किंमत कोणते घर कशी मोजील, हे सांगता येत नाही. जुन्या घराच्या मागील पडवीने जे शहाणपण जपले होते, त्याला भाजल्या मातीच्या या छोट्या घराची जोड मिळाली, तर सवच्या झऱ्यासारखे निर्धूर ऊन पाणी डोंगरातल्या वाडीलाही लाभू शकेल.